काका ताई कोल

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, संध्याकाळच्या रोट्यांच्या वेळी, चंदीगडच्या सेक्टर ३२ मध्ये आमच्या घराच्या तळमजल्यावर एका बाईला आणि तिच्या सासऱ्याला गोळ्या घालण्यात आल्या. बाई जागीच गेली. सासरा अंगणात काही मिनिटं जिवंत होता. बाईचा चार वर्षांचा मुलगा त्या संध्याकाळपासून सापडत नव्हता. पंजाबात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती आणि अशा बातम्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर येत.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढायचे. सोलापूरहून त्यांची बदली होऊन आम्हाला जेमतेम एक हिवाळा झाला होता. खालचं कुटुंब आमच्या थोडं आधी आलं होतं. घरातला कर्ता माणूस पंजाब पोलिसांत हवालदार होता. अमृतसर जिल्ह्यात नाक्यावर उभा असताना आदल्या वर्षी त्याला अतिरेक्यांनी मारलं होतं. त्यानंतर म्हाताऱ्याने सून आणि दोन नातवंडं गावातून उचलून चंदीगडला आणली, कारण चंदीगड सुरक्षित आहे असं सगळे म्हणत. म्हाताऱ्याला सगळी गल्ली दारजी म्हणायची.

नातवंडांतली थोरली अकरा वर्षांची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण पहिल्याच दिवशी जिना चढून आली ती आमचं घर तपासायला आल्यासारखी. मी आतल्या खोलीत पाहून "आई!" अशी हाक मारली, तर तिने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"कौन आई?"

"कोई नहीं आई. मेरी आई."

"तेरी कौन आई?"

पंजाबीत 'आई' म्हणजे 'आली' हे मला माहीत नव्हतं आणि मराठीत आई म्हणजे मम्मी हे तिला. उलगडा झाल्यावर ती हसून म्हणाली, "यार, तुम्हारी मम्मी तो सारा दिन आती ही रहती है." त्यानंतर ती रोज वर यायची. गणित माझ्याकडून शिकायची आणि शिव्या मला शिकवायची.

त्या गुरुवारीही ती वरच होती. आम्ही अपूर्णांक सोडवत होतो. खाली आवाज झाले. लग्नाचे दिवस होते, म्हणून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाजवा अजून. कानाचे पडदे फाडा." मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "पटाके नहीं हैं." दुसऱ्यांदा आवाज झाले ते एकामागून एक, न थांबता. मुलगी दाराकडे धावली. आईने तिची वेणी धरली, तिला मागे ओढलं आणि जमिनीवर पाडून तिच्यावर ओणवी झाली. मुलगी आईच्या मनगटाला चावली. आईच्या मनगटावर ती खूण पुढे बरेच दिवस होती.

बाबा स्कूटर आत घ्यायला जिन्यावरून उतरत होते. त्यांनी दोघांना मोटरसायकलवरून जाताना पाहिलं. मागे बसलेल्याने अंगावर लोई, जाड लोकरी चादर, पांघरली होती. चेहरे दिसले नाहीत. ते कोण होते हे पुढे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालं नाही.

हवालदाराची बायको चुलीशी नाही, दाराशी पडली होती. तिने दार आतून लावायचा प्रयत्न केला असावा, कारण कडी अर्धी सरकलेली होती आणि गोळ्या दाराच्या फळीतून आरपार गेल्या होत्या. दारजी अंगणात नळापाशी होते. गोळी गळ्याच्या खाली लागली होती. बाबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दारजींच्या तोंडात रक्त भरलं होतं. त्यांनी बाबांचा शर्ट धरला आणि तेच शब्द दोनदा म्हणाले. मग हात सुटला.

हे शब्द ऐकणारे बाबा एकटेच होते.

पोलीस आले तेव्हा अंगणातलं रक्त नळाच्या पाण्यात मिसळून फाटकापर्यंत गेलं होतं, कारण नळ बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. ठाणेदार मध्यमवयीन होता. त्याने बाबांना खुर्ची दिली.

"मरते हुए आदमी की बात है. ध्यान से बोलिए. क्या कहा उन्होंने?"

बाबांनी ध्यान देऊनच सांगितलं. दारजी 'काका' म्हणाले होते, 'ताई' म्हणाले होते आणि शेवटी 'बोल' असं काहीतरी. ठाणेदाराला मराठी कळणार नाही म्हणून बाबांनी त्याचं हिंदी केलं. "उन्होंने कहा, चाचा को, दीदी को बोलो."

ठाणेदाराने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "बच्चों का चाचा है कोई?"

होता. दारजींना दोन मुलगे. थोरला हवालदार, धाकटा गावी शेती करायचा. थोरला गेल्यावर त्याच्या वाटची जमीन आता त्या चार वर्षांच्या मुलाच्या नावावर होती आणि मुलगा गायब होता. पोलिसांच्या दृष्टीने गोष्ट जुळत होती.

आमच्या घरी त्या दिवशी कोणी जेवलं नाही. मुलगी माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती आईबद्दल किंवा दारजींबद्दल काही बोलली नाही. तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. "वीर कहां है?" वीर म्हणजे भाऊ. तो दुपारपासून तापाने झोपला होता, ती वर येताना खालीच पांघरुणात होता. पोलिसांनी पलंगाखाली, कोठीत, टाकीत पाहिलं होतं. पांघरूण होतं, मुलगा नव्हता. "मरा होता तो मिलता," ती म्हणाली. "जो मिला नहीं वो ज़िंदा है. मैं ढूंढूंगी."

शुक्रवारी चुलता गावाहून आला. तिशीच्या आतला, दाढी न कापलेला. दोन्ही चिता शेजारी शेजारी रचल्या होत्या. त्याने अग्नी दिला. मुलगी बाबांच्या आणि माझ्या मध्ये उभी होती. आग नीट धरायच्या आत स्मशानाच्या फाटकाशी जीप थांबली. ठाणेदाराबरोबर साध्या कपड्यांतले चार जण होते. ते गावाकडच्या ठाण्याचे, हे नंतर कळलं. चुलत्याने पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. एवढंच म्हणाला, "फुल्ल चुग लैण दिओ जी." अस्थी वेचेपर्यंत थांबा.

साध्या कपड्यांतल्या एकाने त्याच्या पगडीला हात घातला. पगडी सुटली, केस मोकळे झाले आणि त्या केसांना धरूनच त्याला ओढत नेलं. एक चप्पल चितेजवळ राहिली. जीपपाशी त्याच्या गुडघ्यावर रायफलच्या दस्त्याचा घाव घातला, तो आवाज आम्हाला ऐकू आला. ठाणेदार त्याला म्हणाला, "तेरे बाप ने मरते-मरते तेरा नाम लिया है."

मुलगी धावत जीपपर्यंत गेली. "झूठ. किसने सुना?"

ठाणेदाराने बाबांकडे बोट केलं.

तिने वळून बाबांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी अस्थी वेचायला घरचं माणूस कोणी उरलं नव्हतं, तेव्हा ती आणि बाबा गेले. दोघांनी राखेत वाकून हाडं वेचली, कपड्यात बांधली आणि तरीही ती त्यांच्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी बाबा गॅलरीत दाढी करत होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती आरशाच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

"अंकल, दारजी ने चाचा बोला?"

"हां बेटा."

"चाचा? च से चाचा?"

बाबांनी वस्तरा थांबवला. "मतलब चाचा ही."

"मतलब नहीं पूछ रही. क्या बोला, वो बोलो. दारजी अपने बेटे को चाचा क्यों बोलेंगे? चाचा तो वो मेरे हैं. दारजी तो उनको नाम से बुलाते थे या गाली से."

बाबा नेमकेपणाचा अभिमान असलेले गृहस्थ होते. नकाशात एखादी रेघ चुकली तर पूर्ण कागद फाडत. "काका बोले," ते म्हणाले. "हमारे में चाचा को काका कहते हैं."

"तुम्हारे में!" ती ओरडली. "हमारे में काका निक्का होता है. छोटा मुंडा! वीर को दारजी काका कहते थे, गांव वालों की तरह. और? दीदी बोला?"

"नहीं. ताई बोला. ताई मतलब हमारे में..."

"तुम्हारे में छोड़ो. और?"

"बोल. 'बोल' जैसा कुछ."

"कोल?"

तिने कंबरेवर हात ठेवला, मान जराशी वाकवली आणि दारजींच्या जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काका ताई कोल."

बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता. त्यांनी वस्तरा कठड्यावर ठेवला. तो खाली अंगणात पडला, त्यांनी पाहिलं नाही. "हेच," ते मराठीत म्हणाले. "हेच म्हणाले. दोनदा."

पंजाबीत कोल म्हणजे जवळ. मुलगा ताईजवळ आहे. दारजींनी एवढंच सांगितलं होतं.

पंजाबीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मुलीच्या वडिलांना थोरला भाऊ नव्हता, त्यामुळे घरात अशी ताई नव्हती. पण वयस्क बाईला मान देऊन शेजारीपाजारी ताई म्हणतात आणि मागच्या बाजाराच्या कोपऱ्यावर तंदूर चालवणारी एक बाई होती, तिला सगळा मोहल्ला ताई म्हणायचा. घराघरांतून भिजवलेली कणीक तिच्याकडे जायची, ती रोट्या लावून द्यायची. आम्ही पोळ्या घरी लाटणारे. आमचा तिच्याशी कधी संबंध आला नव्हता, म्हणून आम्हाला ती ताई माहीत नव्हती.

बाबा अर्ध्या दाढीनिशी ठाण्यात जायला निघाले. आईने त्यांना थांबवून चेहरा पुसायला लावला. मुलगी तोवर जिना उतरून गेली होती. मी तिच्या मागे गेले.

तंदूर बंद होता. तोंडावर पत्र्याचं झाकण, त्यावर वीट. शेजारचा किराणावाला म्हणाला, गुरुवारपासून ताई आली नाही, गोळ्यांना घाबरली असेल. मुलीने झाकण काढून आत पाहिलं. राख होती. मग ती लाकडांच्या ढिगामागे गेली आणि तिथून पितळेची परात ओढून काढली. परात त्यांच्या घरची होती, काठाला पोचा असलेली. आतली कणीक वाळून दगड झाली होती. एका बाजूने मुठीएवढा गोळा तोडलेला होता. तो गोळा तिथेच फळीवर पडला होता, चोच काढलेला, शेपूट काढलेला. तिचा भाऊ तंदूरवर आला की कणकेची चिमणी करायचा.

तिने चिमणी हातात घेतली आणि तिच्यावर फुंकर मारून राख उडवली. "देख," ती मला म्हणाली. "बुखार में भी बनाई इसने. पक्का यहीं था."

बाबा ठाण्यातून तासाभराने परत आले. ठाणेदाराने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "साहब, आप पंजाबी सुनते हो, मराठी में समझते हो, हिंदी में लिखवाते हो. अब तीन दिन बाद कहते हो ग़लत था. मैं किस भाषा का यक़ीन करूं?" बाबांनी लेखी द्यायची तयारी दाखवली. ठाणेदार म्हणाला, चुलता आता त्याच्याकडे नाही, गावच्या ठाण्याकडे आहे. तिथले लोक कागद वाचत बसत नाहीत. "बच्चा ले आओ. ज़िंदा बच्चा देखूंगा, तो वायरलेस कर दूंगा. जल्दी करना. वहां लोग भागते बहुत हैं."

भागते म्हणजे काय ते बाबांना माहीत होतं. कोठडीतला माणूस पळून जाताना चकमकीत मारला गेला, ही बातमी आम्ही आठवड्यातून दोनदा वाचायचो.

ताई कुठे असेल हे मुलीनेच सांगितलं. नवा तंदूर घालायचा असला की ताई पंचकुल्याच्या पलीकडून, घग्गरच्या काठावरून माती आणायची. तिथे म्हातारीची लेक दिली होती. मागच्या दिवाळीत ती माती तुडवायला ही मुलगीही गेली होती, मातीत तागाचे धागे मिसळताना तिचे पाय सोलले होते. वस्तीचं नाव तिला येत नव्हतं. पण पूल, वीटभट्टी आणि पिंपळ सांगता येत होता.

बाबांनी जायचं म्हटलं. मुलगी म्हणाली, "अंकल को देखकर भाग जाएगी. पैंट वाले से डरती है." मग आई उठली. आईचं हिंदी सोलापुरी होतं आणि चंदीगडात ती एकटी भाजी आणायलाही जात नसे. ती म्हणाली, "मी नेते. साडीला कोण भिणार आहे."

सोमवारी सकाळी आम्ही तिघी सेक्टर १७ च्या अड्ड्यावरून पंचकुल्याच्या बसमध्ये बसलो. निघताना आईने मुलीच्या डोक्याला स्वतःचा स्कार्फ बांधला आणि कपाळाला टिकली लावली. मुलगी आरशात पाहून म्हणाली, "ये रखूं या हटाऊं? बस कौन रोकेगा, इस पर है."

आईला कळलं नाही. मुलीने समजावलं. पोलिसांनी थांबवली तर टिकली बरी. दुसऱ्यांनी, म्हणजे अतिरेक्यांनी, थांबवली तर टिकलीवाल्यांनाच खाली उतरवतात. आईने स्वतःच्या कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "राहू दे. मला आहे, तर तुलाही असू दे."

बस पोलिसांनी थांबवली. तरुण शिखांना खाली घेतलं आणि रस्त्याच्या कडेला ओणवं उभं केलं. एकाने खिशातून ओळखपत्र काढायला हात आत घातला, तेवढ्यात शिपायाने त्याच्या मानेवर दस्ता मारला. तो तोंडावर पडला. खडीवर त्याचे पुढचे दात पडले. ओळखपत्र बँकेतल्या कारकुनाचं होतं. शिपायाने ते वाचलं आणि त्याच्या छातीवर टाकलं. त्याला पुन्हा बसमध्ये घेतलं, कंडक्टरने त्याला पुसायला तिकिटांच्या पिशवीतलं फडकं दिलं. मुलगी सरळ समोर पाहत होती. तिच्या मुठीत कणकेची चिमणी होती.

पूल सापडला. वीटभट्टी सापडली. पिंपळाखालच्या घराचं दार बंद होतं आणि बाहेर चारा कापायचं मशीन होतं. मुलीने कडी वाजवली. एका तरुण बाईने दार फटीएवढं उघडलं.

"ताई है?"

"कोई ताई नहीं."

"काका है?"

"कोई काका-शाका नहीं. जाओ."

मुलीने फटीत पाय घातला. आतून म्हातारी आली. तिच्या हातात गंडासा होता, चारा तोडायचा, लांब दांड्याचा. तिने मुलीला पाहिलं, गंडासा खाली केला आणि आईला पाहून पुन्हा वर उचलला.

"एह कौण ए? पुलिस दी?"

"नहीं," मुलगी म्हणाली. "मेरी ताई जी हैं."

आईने माझ्याकडे वाकून मराठीत विचारलं, "मी हिची ताई? आईएवढी आहे मी." मग म्हातारीकडे पाहून म्हणाली, "हां. हम इसका ताई है."

म्हातारीने आईच्या साडीच्या निऱ्यांपासून कपाळापर्यंत पाहिलं. "तेरा ताया मदरासी व्याह लियाया सी?" ती मुलीला म्हणाली. तुझ्या थोरल्या चुलत्याने मद्रासी बायको केली होती होय! आणि गंडासा भिंतीला टेकवला.

मुलगा आत होता. चुलीपाशी बसून दूध पीत होता. ताप उतरला होता. बहिणीला पाहून तो उठला नाही. त्याने विचारलं, "बीजी कित्थे?" बीजी म्हणजे आई. मुलगी त्याच्याजवळ बसली आणि तिने चिमणी त्याच्या हातात दिली.

काय घडलं ते म्हातारीने सांगितलं. गुरुवारी दारजी परात घेऊन आले, मुलगा हट्टाने मागे आला. रोट्या गुंडाळायचा पोणा घरी राहिला होता. दारजी मुलाला तिच्याजवळ ठेवून पोणा आणायला गेले. मग गोळ्यांचा आवाज आला. तिने मुलाला लाकडांमागे ढकललं, वर पोतं टाकलं आणि अंधार पडल्यावर त्याला घेऊन निघाली.

"थाने क्यों नहीं गईं?" आईने विचारलं.

म्हातारीने कारण सांगितलं. तिचा मुलगा त्याच तंदूरवर बसायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी जीप आली, विचारपूस करायची म्हणाली. ती रोज ठाण्यावर जेवण घेऊन जायची आणि शिपाई डबा ठेवून घ्यायचे. एके दिवशी एका शिपायाने सांगितलं, माई, डबा आणू नकोस, बेवारस म्हणून जाळला. तिने मुलाचं शेवटचं तोंडही पाहिलं नव्हतं. आता चुलत्यालाही स्मशानातून नेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. "मुंडा थाने नहीं जाएगा," ती म्हणाली. "मैं इसको घग्गर में डाल दूंगी, थाने नहीं दूंगी."

मुलगी उठली. "मत दो. पर चाचा जी को मार देंगे. ज़िंदा काका देखेंगे तो छोड़ेंगे. काका दिखाना है, देना नहीं है."

"फेर?" मग काय, म्हातारीने विचारलं.

"थाना नहीं. इनके घर चलो. थानेदार ऊपर आएगा. काका ताई की गोद में बैठेगा." तिने आईकडे बोट केलं. "इस ताई की. और तू दरवाज़े में बैठना. गंडासा ले के."

म्हातारीने आईला विचारलं, "छड्डेंगी तां नहीं?" सोडणार तर नाहीस?

आईला पंजाबी येत नव्हती. पण तिला कळलं. ती मराठीतच म्हणाली, "नाही सोडणार."

दुपारी बाबा ठाणेदाराला घेऊन आले. म्हातारी आमच्या उंबऱ्यात बसली होती. गंडासा पिशवीत गुंडाळून मांडीवर आडवा होता. ठाणेदाराला तिला ओलांडून आत यावं लागलं. मुलगा आईच्या मांडीवर वरणभात खात होता. आईने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं होतं. ठाणेदार खुर्चीवर बसला, त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"काका, तू कित्थे सी?"

मुलाने घास गिळला. "ताई कोल."

ठाणेदाराने बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. ठाणेदार उठला. उंबऱ्यात तो थांबला. म्हाताऱ्या बाईला म्हणाला, "माई, थोड़ा परे हो." ती सरकली नाही. तो भिंतीला अंग घासत गेला. खाली जीपमध्ये वायरलेसवर त्याचा आवाज वर ऐकू आला. तो गावच्या ठाण्याला चुलत्याचं नाव सांगत होता आणि तिकडून कोणी ते पुन्हा पुन्हा विचारत होतं.

चुलता बुधवारी आला. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गवतावर आडवा. दोघांनी त्याला उचलून तळमजल्यात आणलं. त्याच्या मांड्यांवर लाकडी रूळ ठेवून वर दोघं उभे राहिले होते आणि रूळ वरखाली फिरवला होता. मांड्या काळ्या पडल्या होत्या. तळव्यांची कातडी गेली होती. त्याला चकमकीसाठी कालव्यावर नेलं होतं, हात बांधून उभं केलं होतं, तेवढ्यात निरोप आला, असं त्याने बाबांना सांगितलं. कालव्यावर नेलेल्यांत आणखी दोघं होते. त्यांच्यासाठी निरोप आला नव्हता.

मुलगी त्याच्या पायांशी बसली. तिने भावाचं मनगट धरलं होतं. चुलता पुतण्याकडे पाहत राहिला. "दारजी ने मेरा नां लया सी?" त्याने विचारलं. दारजींनी खरंच माझं नाव घेतलं होतं का?

"नहीं," मुलगी म्हणाली. "काके दा." छोट्याचं.

बाबा दाराशी उभे होते. ते आत आले आणि चुलत्यासमोर हात जोडून उभे राहिले. चुलत्याने पाणी मागितलं. बाबांनी आणून दिलं.

डॉक्टरांनी सांगितलं की मांड्यांचे स्नायू मेले आहेत. चुलता गावी परतला नाही. ती जमीन दुसरे लोक कसू लागले. उन्हाळ्यात तंदूर पुन्हा पेटला. म्हातारी रोट्या लावायची, चुलता खाटेवर बसून कणकेचे गोळे करून द्यायचा, मुलगी शाळेतून आली की घराघरांतून पराती आणायची. खालच्या घरात पुन्हा कोणी राहायला गेलं नाही. मुलं रात्री आमच्याकडे झोपत, जेवण तंदूरवर. मुलगी आईला ताई म्हणू लागली. मला मात्र ती कधीच ताई म्हणाली नाही, म्हणाली, तेवढी म्हातारी झालीस की म्हणेन.

पुढच्या वर्षी बाबांची बदली नागपूरला झाली. मुलांना बरोबर नेण्याबद्दल आईने एकदा विचारलं. मुलगी म्हणाली, "काका ताई कोल ही रहेगा." कोणती ताई ते तिला सांगावं लागलं नाही. म्हातारी जवळच उभी होती.

सामानाचा ट्रक सकाळी निघाला. आम्ही रिक्षाने स्टेशनकडे जाताना तंदूरपाशी थांबलो. मुलीने रोट्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "गरम है, जलेगी." रिक्षा हलली तेव्हा मुलाने "ताई!" अशी हाक मारली. आईने मागे वळून पाहिलं. तंदूरवरच्या म्हातारीनेही पाहिलं. चुलता खाटेवर बसून होता. त्याला उठता येत नव्हतं.